अमेरिकेतील मराठी माणूस आणि मताचा अधिकार

भोसरी (आमच्या प्रतिनिधीकडून) : चाकणच्या वाहन उद्योगाला कौतुकाने 'भारताचे डेट्रॉईट' म्हटले जाते. हा मान चेन्नईही सांगते. पण भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातील अभियंत्यांना अमेरिकेतील मिशिगन राज्य आणि त्यातील डेट्रॉईट शहर नवे नाही, हे खरे. कंपनीच्या कामासाठी काही महिने तिकडे गेलेला अभियंता पुढे तिथेच नोकरी धरतो, लग्नानंतर पत्नीला नेतो, मुले तिथेच जन्मतात. इकडे आई-वडील दर दिवाळीला 'ग्रीन कार्डचे काय झाले?' असे विचारत राहतात.

योगायोग असा, की खऱ्या डेट्रॉईटमधून अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर २०२२ आणि २०२४ अशा दोन निवडणुकांत जो उमेदवार निवडून आला, त्याची मातृभाषा मराठी आहे. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी येथे जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे ते लोकप्रतिनिधी. एकीकडे मराठी माणूस अमेरिकी संसदेत पोहोचला आहे, तर दुसरीकडे तिथे पंधरा-पंधरा वर्षे राहून, कर भरूनही मताचा अधिकार नसलेली असंख्य मराठी कुटुंबे आहेत. हे दोन्ही चित्र एकाच समाजाचे आहे. परक्या देशात गेलेल्या समाजाला नागरी हक्क कसे मिळतात, ते कसे हिरावले जातात आणि परत कसे मिळवले जातात, याचा हा आढावा.

तळेगाव ढमढेरे ते सिएटल

या कहाणीची सुरुवात भोसरीपासून फार दूर होत नाही. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे विष्णू गणेश पिंगळे यांचे गाव. आज हे गाव आणि भोसरी हे दोन्ही शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. १८८८ मध्ये जन्मलेले पिंगळे १९११ च्या सुमारास अमेरिकेला गेले आणि सिएटल येथील विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊ लागले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही त्याच सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावर होते. तेथील लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर हजारो हिंदी मजूर, प्रामुख्याने पंजाबी शीख, राबत होते.

त्यांच्याविषयी स्थानिकांच्या मनात किती राग होता, हे ४ सप्टेंबर १९०७ रोजी दिसले. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने हिंदी गिरणी कामगारांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलले. 'हे लोक कमी मजुरीत काम करतात आणि आमचा रोजगार पळवतात' असा आरोप होता. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास बंदी करणारा कायदा केला.

तक्रार कोणाकडे करायची? अमेरिकेत त्यांना मत नव्हते आणि मायदेशी राज्य इंग्रजांचे होते. आपल्या मागे स्वतःचे सरकार नाही, म्हणून परदेशात आपला अपमान होतो, हा विचार त्या मजुरांत आणि विद्यार्थ्यांत रुजला. त्यातूनच १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. पिंगळे १९१४ च्या अखेरीस सशस्त्र उठावासाठी भारतात परतले. मार्च १९१५ मध्ये मीरत येथील लष्करी छावणीत ते बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह त्यांना फाशी देण्यात आली. पिंगळे यांचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात येते; पण ज्या चळवळीने त्यांना घडवले तिची एक मुळी परदेशातील हिंदी माणसाच्या नागरी हक्कांत होती, हे फारसे सांगितले जात नाही.

नागरिकत्व दिले आणि काढून घेतले

१७९० च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातून आलेल्या केवळ 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिकत्व मिळू शकत होते. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग हिंदी माणूस कोणता? काही न्यायालयांनी त्याला 'गोरा' मानून नागरिकत्व दिले, काहींनी नाकारले.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात काम केले होते. आपण आर्यवंशीय, म्हणून गोरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य माणसाच्या समजुतीत हिंदी मनुष्य गोरा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. उच्चवर्णीयत्वाचा आधार घेऊन हक्क मागण्याचा तो प्रयत्न कायद्याच्या कसोटीवर टिकला नाही. समानतेची मागणी न करता 'आम्हाला वरच्या वर्गात बसवा' अशी मागणी करणे किती तकलादू असते, याचा हा धडा होता.

या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम उघडली. त्यात सापडलेल्यांपैकी एक होते शंकर लक्ष्मण गोखले. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी शहरात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ते काम करीत. त्यांचे नागरिकत्व हिरावले गेले. त्यांनी न्यायालयात झुंज दिली आणि १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते परत मिळवले.

त्यांच्या आधी हा मार्ग लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांनी मोकळा केला होता. थिंद यांची बाजू मांडणाऱ्या पंडितांवर स्वतःचे नागरिकत्व वाचवण्याची वेळ आली. त्यांनी 'मी गोरा आहे' हा युक्तिवाद बाजूला ठेवला. सरकारनेच १९१४ मध्ये मला नागरिक केले, त्यावर विसंबून मी वकिली केली, मालमत्ता घेतली, संसार थाटला. आता तो निर्णय फिरवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला. सरसकट नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम त्यानंतर थंडावली.

हिंदी लोकांना नागरिकत्वाचा कायदेशीर मार्ग खुला झाला तो २ जुलै १९४६ रोजी, लूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची स्वाक्षरी झाल्यावर. त्यासाठी न्यूयॉर्कचे व्यापारी जे. जे. सिंग यांच्यासारख्या मोजक्या मंडळींनी वर्षानुवर्षे खासदारांचे उंबरे झिजवले होते. त्यातून वर्षाला फक्त शंभर जणांचा कोटा पदरी पडला. पण दहाच वर्षांनी, १९५६ मध्ये, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. तेथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य. कायद्याने नागरिकत्व मिळाल्याविना हे शक्य नव्हते.

दुसऱ्यांच्या लढ्याचे फळ

आज अमेरिकेत दिसणारा सुशिक्षित, सुस्थित मराठी समाज आला तो मुख्यतः १९६५ नंतर. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि वंश व देश पाहून ठरवलेले जुने कोटे मोडीत निघाले. डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांना दारे उघडली.

हा कायदा आकाशातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्याच पाठोपाठ तो आला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी जो लढा दिला, लाठ्या आणि तुरुंगवास सोसला, त्यामुळे वंशाच्या आधारावर माणसांत भेद करणारा कायदा टिकवणे अमेरिकेला अवघड झाले. त्या लढ्यात नसलेल्या समाजांनाही त्याचे फळ मिळाले आणि मराठी समाज त्यांपैकी एक आहे.

नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनी आधी गणपती बसवले, नाटके केली, मुलांसाठी मराठी शाळा काढल्या. १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली आणि ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांना एक छत्र मिळाले. त्याची द्वैवार्षिक अधिवेशने हा उत्तर अमेरिकेतील मराठी माणसांचा मोठा सोहळा असतो. महाराष्ट्र फाउंडेशनने महाराष्ट्रातील सामाजिक कामांना आणि साहित्याला मदतीचा हात दिला. हे कार्य मोलाचेच आहे. मात्र त्याचे तोंड संस्कृतीकडे आणि मायदेशाकडे होते. राहत्या देशातील राजकारणाकडे मराठी समाज उशिरा वळला.

इतर भारतीयांच्या संघटनांनी त्या दिशेने काही पावले टाकली होती. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या 'असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका' या संस्थेच्या पाठपुराव्यामुळे १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र रकाना आला. रकाना ही किरकोळ बाब वाटेल. पण जो समाज मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजना होत नाहीत आणि भेदभावाची तक्रार आकड्यांनिशी मांडता येत नाही. २०२० च्या जनगणनेत या रकान्यात सुमारे ४४ लाख लोकांची नोंद झाली.

'इराणी' समजून गोळ्या

सुस्थिती म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे १९८७ मध्ये न्यू जर्सीत कळले. कपाळावरच्या कुंकवावरून 'डॉटबस्टर्स' असे नाव घेतलेल्या टोळक्याने भारतीयांना शहर सोडून जाण्याची धमकी दिली. त्याच वर्षी होबोकन येथे नवरोज मोदी या पारशी तरुणाला जमावाने मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरवर प्राणघातक हल्ला झाला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, संघटना उभ्या राहिल्या आणि १९९० मध्ये न्यू जर्सीने द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी अधिक कडक शिक्षेचा कायदा केला.

सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी, ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोधी या शीख पेट्रोल पंप चालकाची पगडी पाहून हत्या झाली. आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातील ओलेथ येथे श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या अभियंत्याला एका उपाहारगृहात गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा सहकारी आणि मदतीला धावलेला एक अमेरिकी तरुण जखमी झाले. हल्लेखोराने पळून गेल्यावर दुसऱ्या गावी सांगितले, की आपण दोन इराणी माणसांना मारले.

यातील 'इराणी' हा शब्द महत्त्वाचा आहे. महिन्याभरापूर्वीच, २७ जानेवारी २०१७ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इराणसह सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला होता. इराणी वंशाच्या अमेरिकनांना हा अनुभव नवा नव्हता. १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकी वकिलातीतील कर्मचारी ओलीस धरले गेल्यावर अमेरिकेतील इराणी विद्यार्थ्यांना सरकारी कार्यालयात हजेरी लावण्याचे फर्मान निघाले होते. २००२ च्या अखेरीस विशेष नोंदणीसाठी स्वतःहून गेलेल्या शेकडो इराणींना लॉस एंजेलिस परिसरात अटकेत टाकण्यात आले.

तो समाजही सुशिक्षित, सधन आणि राजकारणापासून दूर राहणारा होता. धक्के बसल्यावर त्याने संस्था बांधल्या. २००२ मध्ये 'नॅशनल इराणियन अमेरिकन कौन्सिल' आणि २००८ मध्ये 'पब्लिक अफेअर्स अलायन्स ऑफ इराणियन अमेरिकन्स' या संघटना सुरू झाल्या. इराणविषयक धोरणावर त्यांच्यात टोकाचे मतभेद असले, तरी प्रवेशबंदीविरुद्ध दोघीही न्यायालयात उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदीची सुधारित आवृत्ती ग्राह्य धरली. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ती उठवली आणि जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इराणसह बारा देशांवर नवी बंदी घातली. न्यायालयात हरलेली बाजू निवडणुकीने जिंकली आणि निवडणुकीनेच पुन्हा गमावली. मताचे मोल यावरून कळावे.

ओलेथ येथील हल्लेखोराला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. पण त्या घटनेने आणखी एक बाब उघड केली. कुचिभोतला यांच्या पत्नीचा अमेरिकेतील निवास पतीच्या व्हिसावर अवलंबून होता. पती गेला, त्याबरोबर तिचा तेथे राहण्याचा आधारही गेला. अंत्यसंस्कारासाठी भारतात आलेल्या तिला परत जाता यावे म्हणून तेथील खासदाराला मध्यस्थी करावी लागली.

कुठेच मत नाही

भोसरी-चाकणच्या कुटुंबांशी थेट संबंध असलेला प्रश्न हाच आहे. एच-१बी व्हिसावर गेलेला अभियंता तेथे प्राप्तिकर भरतो, सामाजिक सुरक्षेची वर्गणी देतो. पण त्याला मत नाही आणि निवडणुकीच्या उमेदवाराला देणगीही देता येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर देणगी देता येते, मत मात्र नागरिक झाल्यावरच.

आणि ग्रीन कार्डची रांग संपत नाही. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड दिली जातात आणि त्यांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारत आणि आइसलँड यांना मर्यादा एकच. त्यामुळे भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग लाखोंच्या घरात गेली आहे. भारतात जन्मलेली आणि लहानपणी अमेरिकेला गेलेली मुले २१ वर्षांची झाली की आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याची वेळ येते. जी भाषा, जी शाळा त्यांनी जन्मभर पाहिली, तेथेच ती परकी ठरतात.

भारतात तरी त्यांचे मत आहे का? २०१० च्या कायदादुरुस्तीने अनिवासी भारतीयांना मतदारयादीत नाव नोंदवता येते. पण मतदानाच्या दिवशी स्वतः मतदान केंद्रावर हजर राहावे लागते. सुट्टी आणि विमानाचे तिकीट काढून मतदानासाठी येणारे किती असणार? म्हणजे पंचविशीत गेलेला तरुण चाळिशी ओलांडेपर्यंत व्यवहारात कोणत्याच देशाचा मतदार नसतो. आयुष्याची सर्वांत कर्ती वर्षे अशी जातात.

या काळात संघटना हाच आवाज. एच-१बी धारकांच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी मे २०१५ पासून मिळू लागली, ती अशाच पाठपुराव्यानंतर. देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये निराळा मसुदा संमत केला. पण दोहोंचा मेळ न बसल्याने कायदा झाला नाही. त्या विधेयकाला आक्षेप घेणाऱ्यांत इराणी-अमेरिकनही होते, कारण भारतीयांची रांग पुढे सरकली की त्यांची लांबणार होती. हक्कांच्या लढाईत दोन अल्पसंख्य समाजांचे हित प्रत्येक वेळी एकच असते असे नाही, हेही या निमित्ताने दिसले.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा केली. त्या आठवड्याच्या अखेरीस सुट्टीवर आलेले कित्येक जण धावतपळत परत निघाले. हे शुल्क जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. एका स्वाक्षरीने घर हादरते, याचा अनुभव तोवर अनेकांना येऊन गेला होता.

निवडून आलेले मराठी

शंकर लक्ष्मण गोखले यांच्या कहाणीला एक उत्तरार्ध आहे. त्यांचे नातू कुमार बर्वे यांचा जन्म १९५८ मध्ये स्केनेक्टडीतच झाला. १९९० मध्ये ते मेरीलँड राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. अमेरिकेतील राज्य विधिमंडळात पोहोचलेले पहिले भारतीय-अमेरिकन म्हणून ते ओळखले जातात. २००३ ते २०१५ या काळात ते सभागृहातील बहुमताचे नेते होते. आजोबांचे नागरिकत्व ज्या देशाने काढून घेतले होते, त्याच देशात नातू कायदे करीत होता.

नागपूरच्या स्वाती दांडेकर यांनी शाळा मंडळापासून सुरुवात केली. २००२ मध्ये त्या आयोवा राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा भारतात वाढलेली स्त्री आमच्या मूल्यांचे प्रतिनिधित्व कशी करणार, असा प्रश्न प्रतिस्पर्धी उमेदवाराने ई-मेलद्वारे उपस्थित केला. मतदारांनी दांडेकरांना निवडून दिले. २००८ मध्ये त्या राज्याच्या सिनेटवर गेल्या आणि ओबामा यांच्या कारकिर्दीत आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी झाल्या.

श्री ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९८८ मध्ये नागरिक झाले. उद्योगात यश, आर्थिक मंदीत दिवाळखोरी आणि पुन्हा उभारणी, असा त्यांचा प्रवास. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मकथन इथल्या अनेक वाचकांच्या घरी असेल. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले, २०२० मध्ये राज्य प्रतिनिधिगृहात आणि २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये गेले. जानेवारी २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात शपथ घेणाऱ्या भारतीय वंशाच्या सहा सदस्यांत ते होते.

त्यांच्या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डेट्रॉईट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर. ठाणेदार निवडून आल्यामुळे सुमारे सात दशकांत प्रथमच या शहरातून काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ज्या समाजाच्या लढ्यामुळे १९६५ ची दारे उघडली, त्याच समाजाची जागा गेली, ही खंत तेथे उघडपणे व्यक्त झाली. स्वतःच्या खिशातून मोठा खर्च करून निवडणूक जिंकता येते. पण ज्यांचे प्रतिनिधित्व करायचे त्यांचा विश्वास पुन्हा पुन्हा कमवावा लागतो.

घरातली विषमता

हक्क मागणाऱ्या समाजाला आपल्या घरातही डोकवावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. शंभर वर्षांनी त्याच देशात जातीचा प्रश्न न्यायालयापुढे आला. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनी आणि तिच्या दोन भारतीय अभियंत्यांविरुद्ध, एका दलित कर्मचाऱ्याशी जातीवरून भेदभाव केल्याचा दावा दाखल केला. त्या दोन अभियंत्यांवरील दावा विभागाने २०२३ मध्ये मागे घेतला.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने जातीय भेदभावाला बंदी करणारा ठराव केला. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा आणि बालपण मुंबईचे. ज्या शहरात पिंगळे शिकले, त्याच शहरात हे घडले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक संमत केले. मात्र ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून ते परत पाठवले. आंबेडकरी संघटना या कायद्यांच्या बाजूने उभ्या होत्या, तर काही हिंदू संघटनांना त्यात सर्व भारतीयांवर ठपका दिसत होता. हा वाद संपलेला नाही. पण थिंद खटल्याची आठवण ठेवणाऱ्याला एवढे उमगते, की समानता मागताना ती आपल्याखालच्यांनाही द्यावी लागते.

भोसरीतून पाहताना

भोसरी हे स्वतःच स्थलांतरितांचे गाव आहे. औद्योगिक वसाहत आल्यावर मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून कामगार आले आणि भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. 'हे लोक कमी मजुरीत काम करतात' हे बेलिंगहॅमचे वाक्य आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येते. फरक एकच आणि तो मोठा आहे. येथे आलेला कामगार भारताचा नागरिक आहे. जेथे तो नेहमी राहतो, तेथील मतदारयादीत नाव हलवण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला आहे. त्यासाठी निवडणूक आयोगाचा आठ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. अनेकांचे नाव तरीही गावाकडेच राहते, आणि येथील नळाच्या, रस्त्याच्या, शाळेच्या प्रश्नावर त्यांना आवाज उरत नाही.

डेट्रॉईटमधील आपल्या मुलाला ज्या हक्काची पंधरा वर्षे वाट पाहावी लागते, तो हक्क शेजारच्या खोलीतील कामगाराला एका अर्जावर मिळू शकतो. त्याला तो अर्ज भरायला मदत करणे, हेही नागरी हक्कांचेच काम आहे.

ठळक टप्पे

१९०७ : बेलिंगहॅम येथे हिंदी गिरणी कामगारांवर हल्ला.
१९१३ : गदर चळवळीची स्थापना.
१९२३ : थिंद खटला, हिंदी लोक नागरिकत्वास अपात्र.
१९२८ : शंकर लक्ष्मण गोखले यांना नागरिकत्व परत.
१९४६ : लूस-सेलर कायदा, नागरिकत्वाचा मार्ग खुला.
१९५६ : दलीपसिंग सौंद काँग्रेसमध्ये.
१९६५ : नवा स्थलांतर कायदा.
१९८१ : बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना.
१९९० : कुमार बर्वे मेरीलँड विधानसभेत.
२००२ : स्वाती दांडेकर आयोवा प्रतिनिधिगृहात.
२०१७ : ओलेथ येथे श्रीनिवास कुचिभोतला यांची हत्या.
२०२२ : श्री ठाणेदार अमेरिकी काँग्रेसवर.
२०२३ : सिएटलमध्ये जातीय भेदभावास बंदी.